पेपरमधून काढून टाकलेल्या माणसांबद्दल : पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

तुम्ही पुण्यात रानडेला असाल, कोल्हापूर-नागपूरला विद्यापीठात असाल, नाहीतर तालुक्याच्या गावी एखाद्या पेपरला ओळीच्या हिशोबाने बातम्या देत असाल, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मी पत्रकार नाही. कोरियात सुवॉनला एका कारखान्यात क्वालिटीचं काम करतो, इथे येऊन आता नववं वर्ष चालू आहे. माझी भाची यंदा पत्रकारितेच्या कोर्सला लागली आणि परवा फोनवर म्हणाली, मामा, पेपरमुळे लोकशाही टिकते वगैरे आम्हाला वर्गात शिकवतात पण खरं सांग, हे जुनं झालं ना आता. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, मग दोन-तीन रात्री बसून हे लिहिलं, आणि लिहिता लिहिता वाटलं की हे तिच्या एकटीसाठी कशाला.

३ डिसेंबर २०२४ ची रात्र. साडेदहा वाजत आले होते, तुमच्याकडे सात. मी भांडी घासत होतो आणि फोन सारखा वाजायला लागला. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांच्या भाषणाची क्लिप टाकली होती, खाली एकच शब्द, मार्शल लॉ. पहिल्या चार-पाच जणांनी लिहिलं, डीपफेक आहे रे. मलाही तसंच वाटलं. कारण इथे थंडीची लाट आली तरी सरकारचा मेसेज मोबाइलवर कर्कश्श वाजतो, आणि त्या रात्री तसा एकही मेसेज आला नाही. देशात लष्करी कायदा लागलाय हे लोकांना कळलं ते टीव्हीवरून आणि बातम्यांच्या ॲपवरून. अकरा वाजता लष्कराचा पहिला हुकूम आला, त्यातलं तिसरं कलम मी तीनदा वाचलं : सगळी प्रसारमाध्यमं आणि प्रकाशनं मार्शल लॉ कमांडच्या नियंत्रणाखाली राहतील.

पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. संसदेच्या आवारात हेलिकॉप्टरं उतरली, सैनिकांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या, खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले, विरोधी पक्षनेते गाडीतूनच लाइव्ह करत होते. आणि रात्री एकच्या सुमाराला १९० खासदारांनी, एकही मत विरोधात न जाता, तो कायदा उठवायचा ठराव केला. पहाटे साडेचारच्या आसपास सगळं मागे घेतलं गेलं. हे सगळं मी लाइव्ह पाहिलं म्हणजे कुणीतरी ते लाइव्ह दाखवत होतं. तिसरं कलम डोक्यावर असताना एकाही मोठ्या चॅनलने कॅमेरा बंद केला नाही. मला ते त्या रात्री फार साधं वाटलं, चॅनल आहे तर दाखवणारच. ते साधं नव्हतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, एका नूडल्सच्या दुकानात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कालगुक्सूचं दुकान आहे, कालगुक्सू म्हणजे हाताने कापलेल्या नूडल्स. मालक सत्तरीचे. इथे वयाने मोठ्या पुरुषाला अजोशी म्हणतात, आपल्याकडे काका म्हणतात तसं, मी पण तेच म्हणतो. त्यांच्या गल्ल्यामागे भिंतीवर एक पिवळा पडलेला कागद फ्रेम करून लावलाय. इतकी वर्षं मला वाटायचं की दुकानाचं लायसन असेल. ४ डिसेंबरला दुपारी दुकानात कुणी फारसं नव्हतं, टीव्ही चालू होता, त्यांनी स्वतःहून फ्रेम काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. ते हांग्योरे नावाच्या एका पेपरचे शेअर होते. १९८८ चे. तेव्हा ते कारखान्यात कामाला होते, पगारातून दोन घेतले, एकाची किंमत ५,००० वॉन. आजच्या हिशोबाने तीनशेच्या आसपास रुपये, तेव्हा मात्र त्यांना तो मोठा खर्च होता. मी विचारलं, काही डिव्हिडंड वगैरे? ते म्हणाले, त्यासाठी घेतलेच नव्हते. मग का घेतले, याचं उत्तर देता देता त्यांनी सूप गार होऊ दिलं आणि मी पण. तेव्हापासून मी याच्याबद्दल जे मिळेल ते वाचतोय.

गोष्ट सुरू होते त्याच्या चौदा वर्षं आधी. पार्क चुंग-ही हे जनरल १९६१ ला बंड करून सत्तेवर आले होते. पेपरच्या ऑफिसात गुप्तचर खात्याची माणसं उघड येऊन बसायची. २४ ऑक्टोबर १९७४ ला डोंगा इल्बो या मोठ्या दैनिकातल्या बातमीदारांनी जाहीर केलं की आता हे चालणार नाही, या लोकांना ऑफिसात पाऊल टाकू देणार नाही आणि आम्हाला दिसतं ते छापणार. सरकारने पेपर बंद नाही केला. जाहिरातदारांना बोलावून घेतलं. डिसेंबरमध्ये एकामागून एक कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि डोंगाने त्या जागा कोऱ्याच छापल्या. पांढरे चौकोन. मग वाचकांनी ते चौकोन विकत घ्यायला सुरुवात केली, दोन-दोन ओळींच्या जाहिराती, कुणी नाव न देता, कुणी शाळेची एक बॅच, कुणी नुकतं लग्न झालेलं जोडपं, आम्ही तुमच्याबरोबर आहोत एवढंच. (आपल्याकडे आणीबाणी लागल्यावर जून १९७५ मध्ये इंडियन एक्सप्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, तेव्हा या गोष्टीला सहा महिनेच झाले होते.)

इथे थांबलो असतो तर फार छान गोष्ट झाली असती, पण मार्च १९७५ मध्ये डोंगाच्या मालकांनीच माघार घेतली. ऑफिसात ठाण मांडून बसलेल्या बातमीदारांना पहाटे भाड्याची माणसं आणून बाहेर काढलं. शंभराहून जास्त माणसं कामावरून गेली, चोसन इल्बो या दुसऱ्या दैनिकातून पण तिसेक. लष्कराने नाही काढलं त्यांना, स्वतःच्या मालकांनी काढलं. मुलांनो, हा तपशील विसरू नका. सेन्सॉर बहुतेक वेळा पगाराच्या स्लिपवर सही करणाऱ्याच्याच हाताने काम करतो.

ही काढलेली माणसं पुढे काय करत होती? कुणी पुस्तकं छापली, कुणी भाषांतरं केली, कुणी छोटी दुकानं टाकली, कितीतरी तुरुंगात जाऊन आले. मला या सगळ्यातून एकच सांगायचंय आणि आत्ताच सांगून टाकतो : कोरियात लष्कर गेल्यावर लोकशाही टिकली त्यात माध्यमांचा वाटा आहे हे खरं, पण माध्यमं म्हणजे इमारती आणि ब्रँड नाहीत, तर काढून टाकल्यावरही बातमीदार राहिलेली ही माणसं, आणि त्यांच्यावर खिशातले पैसे लावणारे अजोशींसारखे वाचक.

पार्क यांची १९७९ ला हत्या झाली आणि चुन डू-ह्वान हे दुसरे जनरल आले. मे १९८० मध्ये ग्वांग्जू शहरात पॅराट्रूपर्सनी लोकांना मारलं. शहरातल्या लोकांनी स्थानिक एमबीसीचं टीव्ही केंद्र पेटवून दिलं, कारण रस्त्यात माणसं मरत होती आणि टीव्हीवर त्यातलं काहीच नव्हतं. जर्मन कॅमेरामन युर्गन हिन्झपेटर याने केलेलं शूटिंग बिस्किटाच्या डब्यात लपवून बाहेर गेलं तेव्हा जगाने पाहिलं. पण मला त्याच्यापेक्षा जास्त आठवतात ते ग्वांग्जूच्याच एका दैनिकाचे, जोन्नाम मेइलचे, बातमीदार. २० मेला त्यांनी सामूहिक राजीनामा दिला. तो एवढाच होता : आम्ही पाहिलं. माणसांना कुत्र्यासारखं फरफटत नेताना आणि मरताना आम्ही आमच्या दोन डोळ्यांनी स्पष्ट पाहिलं. पण पेपरात एक ओळसुद्धा छापू शकलो नाही. याची लाज वाटून आम्ही लेखणी खाली ठेवतो.

हे चार वाक्यांचं मराठी मी दहा वेळा बदललं असेल. कोरियनमध्ये ते याहून साधं आहे.

मग चुनच्या काळात आणखी शेकडो पत्रकार काढले, चॅनलं आणि पेपर एकमेकांत विलीन केले, एका खाजगी टीव्ही कंपनीला सरकारी केबीएसमध्ये ढकलून दिलं. रात्री नऊची बातमी लागली की घड्याळाचा टोला पडायचा, ‘तेंग’, आणि लगेच पहिलं वाक्य : राष्ट्राध्यक्ष चुन डू-ह्वान यांनी आज... लोक त्याला तेंग-चुन न्यूज म्हणायचे, अजोशींनी मला तो टोला तोंडाने काढून दाखवला. लोकांनी याच्यावर काय केलं तर १९८६ मध्ये केबीएसची टीव्ही फी भरणं बंद करायची चळवळ काढली, दारावर स्टिकर लावून, की आमच्या घरी केबीएस बघत नाहीत.

याच वर्षीची दुसरी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात जवळची आहे. सरकारच्या माहिती खात्यातून रोज पेपरांना फोन यायचा, कोणती बातमी चालेल, कोणती नाही, कोणती अजिबातच नाही. मथळा केवढा, पानावर कुठे, फोटो लावायचा की नाही. विरोधी नेते किम डे-जुंग यांचा फोटो नको. पोलिस ठाण्यात एका तरुणीवर झालेल्या लैंगिक छळाची केस होती, त्या केसला काय नाव द्यायचं ते सुद्धा फोनवर ठरायचं. हा फोन डेस्कवरचा कुणीतरी ऐकायचा, कागदावर उतरवून घ्यायचा आणि तो कागद तिथेच गठ्ठ्याला लागायचा. सगळ्यांना माहीत, सगळ्यांच्या डोळ्यासमोर. हांगुक इल्बोचे एक बातमीदार किम जू-ऑन यांनी दहा महिन्यांच्या त्या कागदांच्या कॉप्या काढल्या, ५८४ सूचना, आणि नेऊन दिल्या कुणाला? तर काढलेल्या पत्रकारांनी चालवलेल्या ‘माल’ नावाच्या एका लहानशा मासिकाला. सप्टेंबर १९८६ मध्ये त्याचा खास अंक निघाला. किम आणि त्यांच्याबरोबरचे दोघे पकडले गेले, आणि त्यांना सुप्रीम कोर्टाने निर्दोष म्हटलं ते १९९५ साली. नऊ वर्षं!

मला यातलं धाडस जेवढं भावतं त्याच्यापेक्षा जास्त त्यांची कारकुनी भावते. त्यांनी अग्रलेख नाही लिहिला. त्यांनी रोज जे सगळे जण बघून सोडून देत होते ते तारखेसकट गोळा केलं.

आणि मग १९८७. जानेवारीत जुंगआंग इल्बोचा एक बातमीदार नेहमीप्रमाणे सरकारी वकिलांच्या ऑफिसात चक्कर मारत होता, एका अधिकाऱ्याच्या खोलीत डोकावला, आणि तो अधिकारी बोलून गेला की पोलिसांचं आता काही खरं नाही. बातमीदाराला काहीच माहीत नव्हतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही, हो ना म्हणून मान डोलावली आणि पुढचं त्याच्याकडूनच काढून घेतलं. सोल नॅशनल युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी पार्क जोंग-चुल चौकशीत मेला होता. १५ जानेवारीला आतल्या पानावर दोन कॉलमांची बातमी आली, तपासणी चालू असताना विद्यार्थ्याचा शॉकने मृत्यू. पोलिस म्हणाले, टेबलावर जोरात हात आपटला तर तो ‘अक्’ करून मेला. मग ज्या डॉक्टरला तिथे बोलावलं होतं त्याने डोंगाच्या बातमीदाराला सांगितलं की खोलीत फरशीवर पाणी होतं. पाण्यात बुडवून मारलं होतं त्याला. दोन पोलिसांना अटक झाली आणि प्रकरण मिटलं असं वाटलं.

आता नीट वाचा. ते दोन पोलिस ज्या जेलमध्ये ठेवले तिथेच ली बू-योंग नावाचा एक राजकीय कैदी होता. त्याला कळलं की मारणारे दोन नव्हते, पाच होते, बाकीच्यांना वाचवलंय. त्याने ते लिहून काढलं, एका जेल गार्डने चिठ्ठ्या बाहेर नेल्या, आणि १८ मे १९८७ ला, ग्वांग्जूच्या सातव्या वर्षदिनाच्या प्रार्थनेला, कॅथलिक पाद्र्यांनी ती नावं जाहीर केली. ही गोष्ट पेटली आणि जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले. २९ जूनला सरकारला राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक आणि प्रेसचं स्वातंत्र्य, दोन्ही कबूल करावं लागलं. आणि हा ली बू-योंग कोण होता? १९७५ ला डोंगा इल्बोमधून काढलेला बातमीदार. बारा वर्षांनी, जेलमध्ये, ना पेपर ना प्रेस कार्ड, तरी बातमी दिसल्यावर त्याने ती सोडली नाही, खात्री केली, लिहिली आणि पोचवली. अजोशी हे सांगताना टेबलावर बोट आपटत होते.

त्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली आणि जिंकले कोण तर चुनचेच मित्र, माजी जनरल रोह ते-वू, विरोधक फुटले म्हणून. म्हणजे लष्करशाही संपली म्हणतो आपण, पण खुर्चीत जनरलच. अशा वेळेला अजोशींच्या शेअरचा तो पेपर, हांग्योरे, सुरू झाला. १९७५ ला आणि १९८० ला काढलेल्या पत्रकारांनी लोकांकडे शेअरसाठी हात पसरले, सुमारे २७,००० लोकांनी ५ अब्ज वॉन गोळा केले आणि १५ मे १९८८ ला पहिला अंक निघाला. अध्यक्ष सोंग गन-हो, जे १९७५ ला बातमीदारांना काढल्यावर डोंगाचं संपादकपद सोडून बाहेर पडले होते. चिनी अक्षरं काढून टाकली, सगळं साध्या हांगुलमध्ये, म्हणजे कोरियनच्या स्वतःच्या लिपीत, आणि आडव्या ओळीत, कारण कामगाराला पण वाचता आलं पाहिजे. आणि बातमीदारांनी पाकीट घ्यायचं नाही हे लिहून ठेवलं. इथे पाकिटाला छोन्जी म्हणतात, शब्दाचा अर्थ ‘छोटीशी सदिच्छा’. आपल्याकडच्या प्रेस कॉन्फरन्स बघितल्यात ना, वेगळं समजवायला नको.

या दोन-चार वर्षांत बाकीच्या पेपरांमध्ये आणि चॅनलांमध्ये पण पत्रकारांच्या युनियन झाल्या, संपादक कसा नेमायचा यावर भांडणं झाली. हे कंटाळवाणं वाटतं वाचायला पण पुढे कामाला आलं ते हेच.

कारण पुढे सगळं गोड झालं नाही, आणि ते मी लपवलं तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर खोटं होईल. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल बोट बुडाली, ३०४ माणसं गेली, बहुतेक एका शाळेच्या सहलीची मुलं. त्या सकाळी चॅनलांनी सरकारी माहिती न तपासता बातमी चालवली, सगळी विद्यार्थी मंडळी वाचली. आईबापांनी ते टीव्हीवर पाहिलं. नंतर वाचलेल्या मुलांच्या तोंडासमोर माइक धरले. तेव्हापासून इथे सर्रास एक शिवी आहे, गिरेगी, ‘गिजा’ म्हणजे बातमीदार आणि ‘स्सुरेगी’ म्हणजे कचरा, दोन्ही जोडून. लष्कर नव्हतं, त्या सकाळची ही चूक स्वतंत्र प्रेसने स्वतः केली. आणि लोकांचा विश्वास गेला की ती जागा मोकळी राहत नाही, यूट्यूबवर निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून रोज ओरडणारे तिथे येऊन बसले. ३ डिसेंबरला सैनिक संसदेत गेले तसेच निवडणूक आयोगाच्या ऑफिसातही गेले, ते याच घोटाळ्याच्या कथेपायी. आणि १९ जानेवारी २०२५ ला यून यांच्या अटकेच्या वॉरंटवरून जमावाने सोलमधलं कोर्ट फोडलं तेव्हा काही जण ते स्वतः लाइव्ह दाखवत होते. लाइव्ह दाखवणं म्हणजे पत्रकारिता नाही हे मला त्या रात्री पोटातून कळलं, कारण दीड महिन्यापूर्वी मी लाइव्हचंच कौतुक करत होतो.

काढून टाकणंही थांबलं नाही. २०१२ ला एमबीसीत १७० दिवस संप झाला, माणसं काढली. त्यातला एक प्रोड्युसर चोई सुंग-हो, बाहेर पडून देणगीवर चालणाऱ्या न्यूजतापा या बातम्यांच्या संस्थेत काम करत राहिला आणि डिसेंबर २०१७ ला त्याच एमबीसीचा अध्यक्ष होऊन परत आला. यून यांच्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, याच एमबीसीच्या बातमीदारांना राष्ट्राध्यक्षांच्या विमानात बसू दिलं नाही, एका बातमीवरून राग होता म्हणून.

आणि आता त्या रात्रीचं राहिलेलं. नंतर सरकारी वकिलांनी जे आरोपपत्र दाखल केलं त्यात आहे की मध्यरात्रीच्या सुमाराला काही ठिकाणांची वीज आणि पाणी तोडायचं असा एक कागद गृहमंत्र्यांना दाखवला गेला. त्या यादीत एमबीसी होतं, जेटीबीसी हे चॅनल होतं, क्योंगह्यांग पेपर होता, आणि हांग्योरे होता. १९७५ ला रस्त्यावर फेकलेल्या माणसांनी काढलेला, अजोशींचे दोन शेअर असलेला पेपर, ४९ वर्षांनी पुन्हा यादीत. मी हे त्यांना वाचून दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बरं झालं, म्हणजे अजून त्यांना आपली अडचण होते.

तर माझं तुमच्याकडे मागणं आहे. नोकरीला लागाल तिथे पहिल्या महिन्यात शोधून काढा की तुमच्या संपादकाला कोण काढू शकतं आणि जाहिरातीतला सगळ्यात मोठा पैसा कुणाचा आहे. डेस्कवर ‘हे जरा सांभाळून घ्या’ असा फोन आला की तारीख, वेळ, शब्द वहीत उतरवून ठेवा, उपयोग कधी होईल विचारू नका. सरकारी आकडा आला की एकदा तरी उलटा फोन करा, सेवोलच्या सकाळी तेवढंच राहून गेलं होतं. आणि आपल्यातले जे नोकरीतून काढले जातील, आणि काढले जातायत, त्यांचे फोन उचला. त्यांच्या लहान पोर्टलला, मासिकाला, वर्षाचे पाचशे रुपये द्या, घरच्यांना द्यायला लावा. हे शेवटचं मी मलाही सांगतोय, इतकी वर्षं मी सगळं फुकटच वाचत आलो.

भाचीला मी त्या फ्रेमचा आणि राजीनाम्याचा फोटो पाठवलाय. तिने ती चार वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आणि माझ्या मराठीत एक शब्द बदलायला सांगितला, ‘फरफटत’च्या जागी आधी मी ‘ओढत’ लिहिलं होतं. तुमच्यापैकी कुणाला मूळ कोरियन हवं असेल तर सांगा, खाली उच्चार देवनागरीत लिहून पाठवतो.

तुमचा,
सुवॉनहून एक वाचक